हॉलची फरशी का उठली आणि पुन्हा कशी बसवली: एक प्रकरण

पुण्यात पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. ताबा घेऊन तीन वर्षं झालेली. जानेवारीतल्या एका पहाटे हॉलमध्ये मोठ्ठा आवाज झाला. घरच्यांना आधी गॅसचीच शंका आली. दिवा लावून पाहतात तर हॉलच्या मधोमध दोन फरश्या एकमेकींना रेटत वर उठलेल्या, मधला सांधा दोन बोटं उंच. आसपासच्या फरश्या जागेवर होत्या, पण पाय ठेवला की डुगडुगत होत्या. घरात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत, काठी टेकत चालतात. त्या उठायच्या आत हॉलमध्ये खुर्च्या आडव्या लावून रस्ता बंद केला.

बिल्डरच्या माणसाने येऊन पाहिलं आणि सांगितलं, "थंडीने होतं असं. दोन फरश्या बदलून देतो." हे उत्तर पटलं नाही म्हणून घरच्यांनी मला बोलावलं. मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि माझं बरंचसं काम राहत्या घरांच्या दुरुस्तीचं असतं.

पहिलं काम म्हणजे ठोकून बघणं. त्यासाठी यंत्र लागत नाही, हातोडीचा लाकडी दांडा पुरतो. भरीव फरशी टणटणीत आवाज देते आणि पोकळ फरशी ढबढब वाजते. प्रत्येक फरशीचे चार कोपरे आणि मधला भाग ठोकायचा, पोकळ वाजेल तिथे खडूने रेघ ओढायची. हॉलचा नकाशा पूर्ण झाला तेव्हा निम्म्याहून जास्त फरशी पोकळ निघाली आणि पोकळीचा पट्टा बाल्कनीच्या सरकत्या खिडकीपासून थेट पॅसेजपर्यंत गेलेला दिसला. एका बेडरूममध्ये फक्त एक कोपरा पोकळ होता, दुसरी बेडरूम ठीक होती. दोन फरश्या बदलून हे भागणारं नव्हतं हे तिथेच कळलं.

उठलेली एक फरशी मी उचलून उलटी केली. तिची पाठ कोरी होती. तीन वर्षं सिमेंटवर बसलेली फरशी, पण पाठीवर सिमेंटचा कणही चिकटलेला नाही. पाठीच्या उंचवट्यांवर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागली. फरशी भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून कारखान्यात पाठीला जो थर लावतात, त्याची ही भुकटी. खोक्यातून काढताना होती तशीच ती अजून तिथे होती. खालच्या सिमेंट-वाळूच्या मालावर मात्र फरशीच्या पाठीच्या चौकड्यांचा ठसा स्वच्छ उमटलेला होता. म्हणजे स्लरी, म्हणजे सिमेंट आणि पाण्याचं पातळ मिश्रण, पुरेशी ओतली होती, फरशी नीट दाबलीही होती. फरशी बसवताना कारागिराने कामचुकारपणा केला नव्हता. त्याने शहाबादीची पद्धत पोर्सिलेनला लावली, आणि दोष त्या पद्धतीत होता.

दुकानात व्हिट्रिफाइड, जीव्हीटी, डबल चार्ज अशा नावांनी मिळणारी फरशी ही सगळी पोर्सिलेनच्याच घराण्यातली. तिची ओळख म्हणजे ती वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही. डाग न पडण्याचं आणि टिकाऊपणाचं रहस्य हेच, आणि न चिकटण्याचं कारणही हेच. शहाबादी, मोझॅक किंवा जुनी सिमेंटची फरशी पाणी पिते. स्लरीतलं पाणी सिमेंट घेऊन तिच्या बारीक छिद्रांत शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि फरशी धरून ठेवतं. पोर्सिलेनला अशी छिद्रं जवळपास नाहीतच, त्यामुळे सिमेंटला धरायला काही मिळत नाही. फरशी मालावर नुसती ठेवलेली असते आणि स्वतःच्या वजनाने व चारी बाजूंच्या दाटीने जागेवर राहते.

ती दाटी इथे भरपूर होती. फरश्या सांध्याविना, एकमेकींना भिडवून लावलेल्या. चारी भिंतींना फरशी टेकलेली आणि वरून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, घट्ट बसवलेलं. दारात ग्रॅनाइटच्या पट्ट्या. हॉलची लांबी ६.१ मीटर. नव्या इमारतीचं काँक्रीट पुढची काही वर्षं सुकत असतं आणि सुकताना आकसतं. मीटरमागे ०.३ ते ०.५ मि.मी. आकसणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. ६ मीटरला ते २ ते ३ मि.मी. होतं. त्यातलं काही फरशी बसवण्याआधी होऊन गेलं असेल, पण बिल्डर घाईत असतो, त्यामुळे बरंच नंतर होतं. खालचा स्लॅब आखडतो आणि वरची फरशी तेवढीच राहते. तिला सरकायला जागा नाही आणि खाली धरून ठेवणारंही काही नाही. मग ती वर जाते.

घरच्यांना, विशेषतः काकांना, एक-दोन मि.मी.च्या फरकाने एवढी मोठी फरशी उठते हे पटेना. म्हणून कागदावर गणित मांडून दाखवलं. ६०० मि.मी.च्या दोन फरश्या समोरासमोर आहेत आणि दोन्ही बाजूंनी मिळून फक्त १ मि.मी. जागा कमी झाली. प्रत्येक फरशी ६०० ची, पण तिच्या वाट्याला ५९९.५ उरले. पायथागोरसने हिशेब केला की मधला सांधा २४ मि.मी. उचलला जातो. दोन मि.मी. कमी झाले तर ३५ मि.मी. काकांनी उठलेल्या सांध्याखाली फूटपट्टी धरून पाहिली आणि मग थंडीचा विषय पुन्हा काढला नाही. थंडीचा वाटा होता, पण तो निमित्तापुरता. काँक्रीट फरशीपेक्षा जरा जास्त आकुंचन पावतं, हिवाळ्यातली कोरडी हवा त्याला आणखी सुकवते, आणि आधीच ताणलेली गोष्ट सुटते.

बिल्डरकडून काय मिळवायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो. उठलेली फरशी हा कारागिरीतला दोष आहे आणि तीन वर्षं म्हणजे मुदत बाकी होती. घरच्यांनी खडूच्या नकाशाचे फोटो आणि कोऱ्या पाठीचे फोटो जोडून लेखी पत्र दिलं. माझ्या मते या फोटोंनीच काम केलं. पूर्ण हॉल जुन्याच पद्धतीने करून द्यायला बिल्डर तयार झाला. घरच्यांना जुनी पद्धत नको होती. शेवटी जुन्या फरशीच्या कामाइतकी रक्कम त्याने द्यायची आणि काम आम्ही करून घ्यायचं असं लेखी ठरलं. वरचा खर्च घरच्यांनी सोसला. असे दोष दिसले की आधी फोटो आणि पत्र, मग फोडाफोड. क्रम उलटा झाला की पुरावा राडारोड्याच्या गोणीत जातो.

काय फोडायचं आणि काय ठेवायचं

काकूंना सगळ्यात सोपा वाटलेला उपाय होता जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवणं. धूळ कमी, आवाज कमी, वजनही फार वाढत नाही. चौरस मीटरमागे २७-२८ किलोच्या आसपास. जुनी फरशी खाली घट्ट असेल तर हा उपाय मी स्वतः सुचवतो. इथे खालचीच फरशी सुटलेली होती. तिच्यावर उत्तम अ‍ॅडहेसिव्ह लावून काहीही चिकटवलं तरी दोन्ही थर मिळून उठले असते. म्हणून हॉल पूर्ण काढायचा ठरला.

बेडरूमबद्दल मात्र माझं मत वेगळं होतं. ठीक असलेली फरशी केवळ भीतीपोटी फोडू नये. दोन्ही बेडरूममध्ये आम्ही फक्त स्कर्टिंग काढलं, भिंतीलगत ग्राइंडरने फरशीची जाडी तेवढी कापून साधारण ६ मि.मी.ची फट मोकळी केली, फटीतला कचरा ओढून काढला आणि वर नवं स्कर्टिंग असं बसवलं की ते भिंतीला चिकटेल, फरशीला नाही. त्यामुळे फरशीला सरकायला वाट मिळाली. यात एक सावधगिरी लागते. आपल्याकडे विजेचे पाइप आणि एसीचं पाणी काढणारी नळी बऱ्याचदा फरशीखालच्या मालातून नेलेली असते. पातं फरशीच्या खाली उतरू द्यायचं नाही.

पोर्सिलेन सुकं कापताना उठणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की बाहेर निघत नाही. या धंद्यातल्या माणसांना चाळिशीतच दम लागताना मी पाहिलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. पाणी सोडून कापायचं, जिथे ते जमत नाही तिथे ग्राइंडरला व्हॅक्यूम लावायचा आणि चांगला मास्क द्यायचा. हा खर्च घरमालकाच्या बिलात स्पष्ट लिहावा. नाही लिहिला तर तो कारागिराच्या छातीवर पडतो.

फरशी निवडताना

घरच्यांना ६०० बाय १२०० मि.मी.ची फरशी हवी होती, चकचकीत, जॉइंट-फ्री, आणि विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावलेली. तिन्ही गोष्टींवर बोलणं झालं.

चकाकीवर निर्णय आजींनी दिला. दुकानात त्यांनी चपला काढून दोन नमुन्यांवर उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही नको, हिच्यावर पाय ठेवायला भीती वाटते." मॅट फिनिश ठरलं.

विटांच्या रचनेसाठी दुकानातच दोन फरश्या तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या. मध्ये घट्ट टेकलेल्या, टोकांना मात्र कागदाची घडी सरकेल एवढी फट. लांब फरशी भट्टीतून किंचित कमानदार निघतेच, मानकातही त्याला थोडी सूट आहे. अर्ध्यावर सरकवून लावली की एकीचं उंच पोट दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतं आणि कड पायाला लागते. लांब फरशीला एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवू नये, असा दंडक त्यासाठीच आहे. काठीचं टोक अशा कडेवर अडकतं, म्हणून सरळ चौकटीची रचना घेतली. जॉइंट-फ्रीबद्दल मात्र मी तडजोड केली नाही. २ मि.मी.चा सांधा, फरशीच्याच रंगाच्या ग्राउटने भरलेला. उभं राहून पाहिलं तर तो दिसत नाही.

किती खोकी घ्यायची यावर दुकानदाराशी मतभेद झाला. हॉल २०० चौरस फूट, वर दहा टक्के, म्हणून १५ खोकी, हा त्याचा हिशेब. एका खोक्यात दोन फरश्या. पण हॉलची रुंदी ३.०५ मीटर होती. भिंतीलगतची फट सोडून एका कडेने पाच पूर्ण फरश्या लावत गेलो असतो तर पलीकडे २८ मि.मी.ची चिंधी उरली असती. लांबीतही तसंच, पाच फरश्यांनंतर ७८ मि.मी. अशी चिंधी कापताना तुटते, टिकत नाही आणि दारातून आत येताच नजरेत भरते. म्हणून मधे चार पूर्ण आणि दोन्ही कडांना सारखे तुकडे, रुंदीत ३१४ मि.मी. आणि लांबीत ६३९ मि.मी. अशी आखणी केली. दोन्ही तुकडे निम्म्यापेक्षा मोठे, त्यामुळे एका फरशीतून दोन निघत नाहीत. सहा ओळी, ओळीत सहा, म्हणजे ३६ फरश्या, १८ खोकी. वर दोन जादा धरून २० घेतली. कापून उरलेल्या २८६ मि.मी.च्या लांब पट्ट्यांतून हॉलचं सगळं स्कर्टिंग निघालं, त्यामुळे नासाडी वाटली त्यापेक्षा कमी झाली. सरसकट दहा टक्क्यांचा नियम मोठ्या फरशीला आणि लहान खोलीला लागू पडत नाही. आधी मापाचा कागद, मग खरेदी. सगळ्या खोक्यांवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच पाहिलं. पुढच्या बॅचचा पांढराही वेगळा निघतो.

पाया आणि वाट पाहणं

जुना ४५ मि.मी.चा माल हाताने चुरगळत होता. सिमेंट कमी आणि बराचसा कोरडाच टाकलेला. तो स्लॅबपर्यंत काढला, स्लॅब धुतला, बाँडिंग पॉलिमर घातलेल्या सिमेंटचा हात मारून त्यावर एकास चार प्रमाणाचा ४० मि.मी.चा नवा कोबा केला. पातळी दहा फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने तपासली. एवढ्या मोठ्या फरशीला तीन मीटरमध्ये ३ मि.मी.पेक्षा जास्त उंचसखल चालत नाही. दोन ठिकाणी उंचवटा निघाला, तो घासून काढला.

त्यानंतर सात दिवस पाणी आणि एकूण २८ दिवस थांबायचं. घरच्यांशी खरी ओढाताण इथेच झाली. हॉल बंद, सोफा बेडरूममध्ये, जेवण स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने. आठवड्याभरात काकू म्हणाल्या, "वरून तर वाळलंय, लावून टाका ना." मी म्हटलं, "काकू, जे आकसणं आपल्याला नडलं तेच आता या कोब्यात चालू आहे. ते आपल्या फरशीखाली नको व्हायला." त्या थांबल्या. आजी तेवढ्या दिवसांसाठी नाशिकला लेकीकडे गेल्या.

बसवताना

मिस्त्री अनुभवी होते, हात साफ होता. पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, इतकी वर्षं सिमेंटवरच बसवतोय, कुठे उठली नाही." मी वाद न घालता कोऱ्या पाठीची ती जुनी फरशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाठीवर नख ओढलं, भुकटी पाहिली आणि अ‍ॅडहेसिव्हची गोणी कधी येणार ते विचारलं.

अ‍ॅडहेसिव्ह आयएस १५४७७ या भारतीय मानकातल्या टाइप ३ चं घेतलं. पॉलिमर जास्त असल्याने ते छिद्रांच्या भरवशावर राहत नाही, गुळगुळीत पाठीलाही धरतं आणि किंचित लवचिक राहतं. २० किलोची पिशवी अमुक फूट पुरेल असं छापलेलं असतं, पण तो आकडा ३ मि.मी. थरासाठी असतो. मोठ्या फरशीखाली दाबून झाल्यावरही ५-६ मि.मी. थर लागतो. आम्हाला आठ पिशव्या लागल्या, म्हणजे पिशवीमागे २५ फूट. छापील आकड्यावर माल मागवला की तिसऱ्या प्रहरी अ‍ॅडहेसिव्ह संपतं आणि मग थर पातळ होत जातो.

पद्धत अशी. फरशीची पाठ ओल्या फडक्याने पुसायची, ती पांढरी भुकटी पूर्ण जाईपर्यंत. अ‍ॅडहेसिव्ह मोजलेल्या पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवायचं आणि पुन्हा ढवळायचं. कोब्यावर दाते असलेल्या थापीने एकाच दिशेत सरळ रेघा ओढायच्या, गोल गोल नाही, कारण गोल रेघांत हवा अडकते. फरशीच्या पाठीला सपाट बाजूने पातळ हात मारायचा. मग फरशी ठेवून रेघांना आडवी पुढेमागे सरकवत दाबायची.

तिसरी फरशी बसल्यावर मी मिस्त्रींना ती उचलायला सांगितली. दोन माणसांनी सक्शन कपाने उचलली. पाठीवर मधे चिकटलेलं होतं, चारही कोपऱ्यांत खालचं अ‍ॅडहेसिव्ह लागलेलंच नव्हतं आणि कोब्यावरच्या रेघा न दबता जशाच्या तशा. मिस्त्री खाली वाकून बघत राहिले. थापी १० मि.मी. दात्यांची होती, ती बदलून १२ ची घेतली आणि कोपऱ्यांवर जास्त दाब दिला. तीच फरशी पुन्हा लावून पुन्हा उचलली तेव्हा पाठ कडेपर्यंत भरलेली होती. पुढे मधूनमधून ते स्वतःहून एखादी उचलून पाहत होते. साधारण पंधरा किलोची फरशी ओल्यात उचलायची म्हणजे मेहनत आहे, पण फरशीखाली काय झालंय हे पाहण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

एप्रिल होता. खिडकीतून दुपारी ऊन कोब्यावर यायचं आणि पसरलेल्या अ‍ॅडहेसिव्हवर दहा मिनिटांत साय धरायची. बोट टेकवायचं, बोटाला लागलं तर फरशी ठेवायची, नाही लागलं तर तेवढं खरवडून टाकायचं. चादरी टांगून ऊन अडवलं आणि खिडकीकडचा भाग सकाळी उरकला. कडा सारख्या ठेवायला लेव्हलिंग क्लिपा आणि पाचरी लावल्या, पण पाचर ठोकून वाकडा पाया सरळ होत नाही, हे इथे सांगायला हवं.

चारी भिंतींपाशी ६ मि.मी. फट फोमची पट्टी घालून मोकळी ठेवली. बेडरूमच्या दारातल्या ग्रॅनाइटपाशी, आणि खिडकीपासून दुसऱ्या आडव्या सांध्यात, जिथपर्यंत ऊन येतं, ग्राउटऐवजी त्याच रंगाचं लवचिक सीलंट भरलं. तिथे खालचा कोबाही कापून घेतला होता. बाकी सांध्यांत एपॉक्सी ग्राउट, कारण जेवणाचं टेबल हॉलमध्येच आहे आणि हळदीचा डाग सिमेंटच्या ग्राउटमधून निघत नाही. एपॉक्सी घट्ट व्हायच्या आत फरशीवरून पुसून घ्यावं लागतं, म्हणून एका वेळी थोडाच भाग भरायचा. कामानंतरच्या सफाईला अ‍ॅसिड वापरू दिलं नाही.

पुढचा हिवाळा गेल्यावर मी हॉल पुन्हा ठोकून पाहिला. जेवणाच्या टेबलाखाली एका फरशीचा एक कोपरा किंचित पोकळ वाजतो, हाताएवढा भाग. कडा सम आहेत, ग्राउटला तडा नाही, म्हणून तो तसाच ठेवला. बेडरूममधला पोकळ कोपरा पूर्वीएवढाच आहे. त्याचा मापासह काढलेला नकाशा काकांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. दर सहा महिन्यांनी ठोकायचं, आणि पोकळी शेजारच्या फरशीत गेली तर ती खोली उन्हाळ्यापूर्वी काढायची, असं आमचं ठरलंय. हॉलची उरलेली खोकी माळ्यावर उभी ठेवली आहेत, बॅच नंबर दिसेल अशी बाहेरच्या बाजूला.